पाठीच्या पाण्यातला जंतू कोणत्या वाणाचा?

खानदेशात मेंदूज्वराने दाखल झालेल्या मुलाच्या केसपेपरला जोडलेल्या अहवालावर पुष्कळदा एकच ओळ असते: कल्चर, नो ग्रोथ. धुळे-जळगाव पट्ट्यातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि ही ओळ माझ्या हाताने असंख्य वेळा लिहिली. बाहेर बाकड्यावर बसलेला बाप ती कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि खिडकीशी येऊन विचारायचा, "म्हणजे जंतू नाही ना, ताई?" जंतू असायचा. पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी गढूळ असायचं, स्लाइडवर पू-पेशींची गर्दी असायची, वॉर्डात पोराची मान ताठ असायची आणि झटके थांबत नसायचे. आमच्या प्लेटवर तो जंतू उगवला नव्हता, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाच्या पाठीच्या पाण्यातला जंतू धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ओळखला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि नुसतं ओळखून थांबता कामा नये. तो कोणत्या वाणाचा, हेही तपासून नोंदलं गेलं पाहिजे. हे काम पुण्या-मुंबईचं, मोठ्या संशोधकांचं, असं आपल्याकडे धरून चालतात. मी ते जिल्ह्याचं मानते.

वाण म्हणजे काय, ते आधी सांगते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे जिवाणू मुख्यतः तीन: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि दवाखान्यात ज्याला हिब म्हणतात तो हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी. (नवजात बाळांमधले जंतू वेगळे, आणि क्षयाचा मेंदूज्वर वेगळा.) न्यूमोकॉकसच्या पेशीभोवती साखरेच्या रेणूंचं वेष्टण असतं. या वेष्टणाच्या रचनेवरून त्याचे आजवर शंभराहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं दुसऱ्या प्रकाराला बहुधा ओळखतच नाहीत. मेनिंगोकॉकसचे अशाच वेष्टणावरून पडलेले गट बारा. त्यातले ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा जवळपास सगळ्या आजाराच्या मुळाशी असतात. जंतूचा हा प्रकार किंवा गट, त्यालाच मी वाण म्हणते. लस बहुतेक वेळा या वेष्टणावरच बेतलेली असते. त्यामुळे न्यूमोकॉकसची लस टोचली असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या शंभरातल्या काही ठरावीक प्रकारांची लस टोचलेली असते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही लस 2020 च्या डिसेंबरात आली. तिच्यात दहा प्रकार आहेत: 1, 5, 6ए, 6बी, 7एफ, 9व्ही, 14, 19ए, 19एफ आणि 23एफ. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात 2021 पासून न्यूमोकॉकसची लस मोफत मिळते. बाळ दीड महिन्याचं झालं की पहिला डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा, नवव्या महिन्यात बूस्टर. ही फार मोठी गोष्ट आहे. त्याआधी हीच लस खासगीत घ्यायची तर हजारो रुपये लागत, आणि शिरपूरच्या सूतगिरणीतला किंवा रावेरच्या केळीच्या बागेतला मजूर तिचं नावही ऐकून नसे.

पण हे दहाच प्रकार का निवडले? कुणीतरी आधी रुग्णांच्या रक्तातून आणि पाठीच्या पाण्यातून जंतू काढले, त्यांचे प्रकार पाहिले, कोणते जास्त आढळतात ते मोजलं, म्हणून. भारतात असं एक मोठं काम 1990 च्या दशकात झालं. सहा शहरांतल्या रुग्णालयांनी न्यूमोकॉकस गोळा केले आणि 1999 साली ते निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले. प्रकार 6 आणि प्रकार 1 सगळ्यांत पुढे होते. त्या सहा शहरांत महाराष्ट्रातलं एक होतं, नागपूर. नागपुरातल्या कुणा तंत्रज्ञाने रात्री-अपरात्री आलेला नमुना तिथल्या तिथे प्लेटवर घेतला असेल, तेव्हा विदर्भातल्या जंतूला त्या मोजणीत जागा मिळाली. त्या यादीत तापीकाठाचं काहीच नव्हतं.

एके काळी प्रकार ओळखल्याशिवाय डॉक्टरला उपचारच करता येत नसे. पेनिसिलिनच्या आधी न्यूमोनियावर घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तातला सिरम टोचत, आणि एका प्रकारचा सिरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. म्हणून रुग्णाची थुंकी हाती पडताच प्रयोगशाळेत प्रकार शोधायची धावपळ व्हायची. याच कामातून लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने 1928 साली एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. घातक प्रकारचे मारून टाकलेले जंतू आणि दुसऱ्या प्रकारचे निरुपद्रवी जिवंत जंतू त्याने एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात घातक प्रकारचे जंतू जिवंत सापडले. जिवंतांनी मेलेल्यांकडून वेष्टणाचा गुण उचलला होता. पुढे 1944 मध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केलं, की हा गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. म्हणजे हा जंतू आपलं वेष्टण बदलू शकतो, हे आपल्याला जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. पेनिसिलिन आलं, सगळे प्रकार एकाच औषधाने मरू लागले, आणि प्रकार विचारण्याची सवय दवाखान्यांतून गेली. आता पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकॉकस भारतात सर्रास आढळतात, तरी ती सवय परत आलेली नाही.

वाण मोजला तर काय साधतं, याचा सगळ्यांत मोठा पुरावा आपल्या पुण्यातूनच निघालेला आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक लांब पट्टा मेंदूज्वराचा पट्टा म्हणून ओळखला जातो. कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथे मेनिंगोकॉकसच्या साथी येतात. 1996-97 च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि 25,000 गेले. बहुतेक ठिकाणी जंतू ए गटाचा होता. बड्या औषध कंपन्यांना या गरीब देशांसाठी स्वतंत्र लस बनवण्यात रस नव्हता. शेवटी जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांच्या प्रकल्पातून ते काम सीरम इन्स्टिट्यूटकडे आलं. अट अशी, की एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत राहिली पाहिजे. मेनआफ्रिव्हॅक नावाची ती लस 6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासोत सुरू झाली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली. 40 अंश तापमानात फ्रिजबाहेर चार दिवसांपर्यंत ती चालते, अशी मान्यताही तिला 2012 साली मिळाली. जळगावचा मे महिना सोसलेल्या माणसाला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. ए गटाच्या साथी त्या पट्ट्यातून जवळपास पुसल्या गेल्या. हडपसरच्या कारखान्यातून निघालेल्या कुप्यांनी हे केलं, याचा मला मराठी माणूस म्हणून मनापासून अभिमान आहे.

पुढचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. ए गेला तरी मेंदूज्वर राहिला. 2013 पासून नायजेरियाच्या वायव्य भागात सी गटाचा एक नवा उपप्रकार दिसू लागला, तो शेजारच्या नायजर देशात पसरला, आणि 2017 मध्ये एकट्या नायजेरियात 14,000 हून अधिक संशयित रुग्ण आणि 1,100 हून अधिक मृत्यू झाले. डब्ल्यू आणि एक्स हेही गट डोकं वर काढत होते. हे कळलं कसं? नायजरमधल्या आरोग्य केंद्रांमधून पाठीचं पाणी ट्रान्स-आयसोलेट नावाच्या छोट्या बाटल्यांमध्ये भरून राजधानीतल्या प्रयोगशाळेत पाठवलं जात होतं. या बाटलीत जंतू कित्येक दिवस तग धरतो. नायजरची राजधानी नियामे इथल्या सर्मेस या संस्थेत वर्षानुवर्षं हे नमुने तपासले गेले. जगातल्या सगळ्यांत गरीब देशांपैकी एक, वाळवंटातले रस्ते, आणि तरी त्यांनी प्रत्येक साथीचा वाण लिहून ठेवला. त्या नोंदींवरून पुढची लस ठरली. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवरची ती लसही सीरमचीच. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि 2024 मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली.

पुण्याची लस नियामेच्या नोंदींवर घडली. धुळ्याची नोंद कुठे आहे?

आपल्या कापूस उत्पादकाला हे सगळं मी नव्याने समजावण्याची गरज नाही. 2002 मध्ये बीटी बियाणं आलं, 2006 मध्ये बीजी-2 आलं, हिरवी बोंडअळी हटली, आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली. ज्या अळीला बियाण्यातलं विष मारत होतं, तीच आता त्याला पुरून उरली होती. धरणगाव-अमळनेरच्या शेतकऱ्याने तेव्हा एकच प्रश्न विचारला, की अळी बदलते आहे हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही? शेतात कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, हे त्याने त्यानंतर शिकून घेतलं. लसीकरणाला सुरुवात झालेल्या जिल्ह्यात पाठीच्या पाण्यातला जंतू मोजणं म्हणजे तेच सापळे लावणं आहे. लसीतले दहा प्रकार कमी झाले की त्यांची जागा लसीत नसलेले प्रकार घेतात, हे इतर देशांत दिसलेलं आहे. युरोप-अमेरिकेत हे फार बारकाईने नोंदलं गेलं, कारण तिथे मोजणारे होते. न्यूमोसिलमध्ये प्रकार 3 नाही. उद्या चोपड्यात तो वाढला, तर आपल्याला कुठून कळणार?

आता 'नो ग्रोथ' ही ओळ का लिहावी लागते, ते सांगते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर मूल तापतं. आजी म्हणते, "ताप डोकामा चढी गया." गावातला डॉक्टर इंजेक्शन देतो, बहुतेक वेळा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच. दुसऱ्या दिवशी तालुक्याला, तिसऱ्या दिवशी जिल्ह्याला. पाठीतून पाणी काढेपर्यंत अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस शरीरात गेलेले असतात. जंतू मेलेला असतो. त्याचे अवशेष पाण्यात असतात, पण प्लेटवर तो उगवत नाही. शिवाय पाणी काढलं की पोरगं पांगळं होतं, ही भीती खोलवर रुजलेली आहे. नातेवाईक सही द्यायला तयार होत नाहीत, एक दिवस त्यातच जातो. ही भीती खोटी आहे. पांगळेपण आलं, तर ते आजाराने येतं.

मग नमुना आमच्याकडे येतो. रात्री आलेला नमुना कुणीतरी काळजीने फ्रिजमध्ये ठेवतो. न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस थंडीत मरतात. पाठीचं पाणी कधीही फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे आणि तरी मी फ्रिजमधून काढलेल्या कुप्या हातात घेतल्या आहेत.

आणि रक्त. न्यूमोकॉकस उगवायला रक्ताची प्लेट लागते, आणि ते रक्त शक्यतो मेंढीचं हवं. बऱ्याच ठिकाणी मेंढीचं रक्त मिळत नाही म्हणून रक्तपेढीतली मुदत संपलेली माणसाची पिशवी वापरतात. माणसाच्या रक्तात आधीच प्रतिद्रव्यं असतात, कधी अँटिबायोटिकही असतं, आणि नाजूक जंतू तिथे नीट वाढत नाही. साक्री तालुक्यातले ठेलारी आपल्या मेंढ्यांचे कळप घेऊन वर्षातले कितीतरी महिने याच रस्त्यांनी हिंडतात. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली चार मेंढ्या पाळून दर आठवड्याला थोडं रक्त काढून घेणं, एवढीच सोय हवी. त्याने मेंढीला काही होत नाही. ज्या जिल्ह्यात मेंढरं रस्ता अडवतात तिथे प्रयोगशाळेला मेंढीचं रक्त मिळू नये, याचा मला नोकरीभर त्रास झाला आणि आजही होतो.

यावर काही डॉक्टर मला विचारतात, की वाण कळून आम्ही वेगळं काय करणार? मेंदूज्वर दिसला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि व्हँकोमायसिन सुरू करतोच. समोरच्या मुलापुरतं त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि उपचार तपासणीसाठी अडवून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पाणी काढायला उशीर होत असेल, तर आधी रक्ताचा नमुना घ्यावा आणि लगेच इंजेक्शन द्यावं. पण जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनावश्यक औषध बंद करता येतं. नवजात बाळांच्या कक्षात तर क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू इतक्या औषधांना न जुमानणारे निघतात, की अंदाजाने दिलेलं इंजेक्शन वाया जाण्याची शक्यता मोठी असते. आणि पुढच्या वर्षी जन्मणाऱ्या मुलांचं काय? त्यांची लस कोणत्या प्रकारांवर बेतायची, हे आजच्या रुग्णाच्या पाण्यातूनच ठरायचं आहे.

यंत्र नाही, ही सबब आता चालणार नाही. कोविडच्या काळात, 2020 साली, धुळे आणि जळगाव या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरची प्रयोगशाळा उभी राहिली. पीसीआरला जिवंत जंतू लागत नाही. अँटिबायोटिकने मेलेल्या जंतूचा डीएनए पाण्यात शिल्लक असतो, तो पुरतो. आमच्या प्लेटवर काही उगवलं नाही अशा कितीतरी नमुन्यांत जंतूचं नाव आणि पुष्कळदा प्रकारही या पद्धतीने सापडू शकतो. क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे करतोच आहोत. सीबीनॅट यंत्रावर दोन तासांत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही कळतं, आणि ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. क्षयाच्या जंतूला आपण त्याचा स्वभाव विचारतो, मग न्यूमोकॉकसला का नाही?

आणखी एका ठिकाणी आपण वाण पाहूनच वागतो. 2000 साली हज यात्रेकरूंमध्ये डब्ल्यू गटाच्या मेंदूज्वराची साथ झाली आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर ती अनेक देशांत पोचली. त्यानंतर सौदी अरेबियाने ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही गटांची लस बंधनकारक केली. धुळे, जळगाव, भुसावळहून निघणारा प्रत्येक हाजी ती टोचून घेतल्याशिवाय विमानात बसत नाही. जंतूचा गट माहीत होता, म्हणून ती लस नेमकी झाली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जिवाणूंच्या मेंदूज्वरात सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला गंभीर व्यंग राहतं. 2030 पर्यंत या आजाराचे मृत्यू सत्तर टक्क्यांनी कमी करायचे, असं जगाने 2020 मध्ये ठरवलं आहे. त्या व्यंगांत बहिरेपण फार मोठं आहे. यावल भागातली एक लहान मुलगी बरी होऊन घरी गेली, सगळे खूश होते. काही महिन्यांनी तिची आई तिला घेऊन परत आली, कारण हाक मारली तरी ती वळून बघत नव्हती. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड भरू लागतं. उशीर झाला तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रियाही अवघड होऊन बसते. म्हणून बरं झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी घरी सोडण्याआधीच व्हायला हवी. त्या मुलीच्याही अहवालावर नो ग्रोथच होतं. तिला लसीतल्या प्रकाराने गाठलं होतं की लसीबाहेरच्या, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना आणि दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ट्रान्स-आयसोलेटच्या बाटल्या ठेवा. पहिल्या इंजेक्शनआधी रक्ताचा नमुना घ्यायची सवय लावा. मेंढीच्या रक्ताची सोय करा. उगवलेला प्रत्येक जंतू फेकून न देता उणे सत्तर-ऐंशी अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये जपा आणि प्रकार ओळखण्यासाठी पाठवा. न उगवलेल्या नमुन्याचं पीसीआर करा. वर्षाच्या शेवटी दोन्ही जिल्ह्यांचा एक कागद प्रसिद्ध करा: इतके रुग्ण, इतके जंतू, हे प्रकार, या औषधांना दाद. नवी इमारत लागत नाही. माणसं लागतात, आणि रिक्त पडलेल्या तंत्रज्ञांच्या जागा भराव्या लागतात.

आणि आईबापांना सांगते. पोराला ताप आहे, मान वाकत नाही, उलट्या होतात, गुंगी आहे, झटके येतात, किंवा तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली दिसते, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की सही द्या. दीड महिन्याची, साडेतीन महिन्यांची आणि नऊ महिन्यांची न्यूमोकॉकसची लस चुकवू नका. अहवाल हातात आला की जंतू कोणता आणि कोणत्या प्रकारचा, हे विचारा, आणि उत्तर नसेल तर ते का नाही, हेही विचारा.